सिद्धतेत नसलेला धक्का

ओल्या वाळ्याचा वास. मे महिन्याच्या दुपारी द्वारकेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार उघडलं की आधी तो वास येई, मग बाई दिसत. वासामागे कूलरची घरघर, घरघरीत पाण्याचं ठिबकणं, आणि त्यातून वाट काढत आलेला आवाज : "चपला आत घे गं, माकडं नेतात." अवघ्या सोसायटीने खिडक्या बंद करून एसी लावले होते. वाघचौरेबाईंनी मात्र कूलर सोडला नव्हता, आणि त्याला दर उन्हाळ्यात नवा वाळा लावून घेणंही सोडलं नव्हतं. "एसी हवा थंड करतो," त्या म्हणत, "कूलर हवेचं काय झालं तेही सांगतो." त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असत, एक कोरडा आणि एक ओल्या चिंधीत गुंडाळलेला. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला दोन्ही आकडे ऐकवले जात.

बाई जाऊन आता दोन वर्षं झाली. डॉक्टर कमल वाघचौरे, दिल्लीच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या. मला त्यांनी कधी शिकवलं नाही. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, नवऱ्याच्या मंत्रालयातल्या नोकरीमागून या शहरात आलेली, कविता लिहिणारी. आमची गाठ पडली ती माझ्या चुकीमुळे. त्या मात्र ती चूक स्वतःची मानत.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात मराठी मंडळींचं छोटं कविसंमेलन होतं. मी एक प्रेमकविता वाचली. तिच्यात असं काहीसं होतं की, मी तुला पाहिलं म्हणून तू हललास, न पाहता तर होतास तिथेच. आणि वाचण्याआधी मी जरा ऐटीत सांगितलं होतं की ही कल्पना मला विज्ञानातल्या अनिश्चिततेच्या नियमातून सुचली. टाळ्या पडल्या. नंतर बटाटेवड्यांच्या रांगेत पांढऱ्या केसांच्या, सुती साडीतल्या, पायांत मुलांसारखे खेळाचे बूट घातलेल्या एक बाई माझ्याजवळ आल्या.

"कविता चांगली आहे. भौतिकशास्त्र चूक आहे."

मी गोंधळून म्हटलं, "पण आम्हाला शाळेत असंच शिकवलं होतं. कण पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, प्रकाशाचा धक्का लागतो, म्हणून त्याची जागा आणि वेग दोन्ही एकदम नेमके कळत नाहीत."

"ठाऊक आहे. असं शिकवणाऱ्यांत मी होते." त्यांनी स्वतःच्या बशीतला एक वडा माझ्या बशीत ठेवला. "हा दंड समज. रविवारी घरी ये, चूक दुरुस्त करून देते."

मी गेले. आणि मग सहा वर्षं जातच राहिले.

बाईंचा लाडका प्रश्न होता, "कशाने मोजलंस?" मी म्हणाले, आज फार उकडतंय, की प्रश्न. मी म्हणाले, फलाण्या कवीचं हे पुस्तक आधीच्यापेक्षा कमी उतरलं आहे, की प्रश्न. आणि मी एकदा सहज म्हणून गेले की, "बाई, मुलगा बारावीनंतर काय करणार याची काही खात्री नाही," तेव्हा त्या चष्मा काढून म्हणाल्या, "खात्री नाही हे कळलं. किती नाही? आणि ते 'किती' कशाने मोजलंस?" लोक ज्ञान मोजायला धावतात, अज्ञान मात्र ढोबळ सोडून देतात, ही त्यांची कायमची तक्रार. अज्ञान मोजायला तर जास्त चांगलं माप लागतं, असं त्यांचं म्हणणं. माझा मुलगा दिल्लीतच वाढलेला. त्याला 'ढोबळ' म्हणजे काय ते कळेना. तो म्हणाला, "मतलब मोटा-मोटी?" बाई खूश झाल्या. "बिल्कुल. तुझ्या आईपेक्षा तूच नीट बोलतोस."

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम हाती घेतलं होतं : अनिश्चिततेवर मराठीत एक लहान पुस्तिका. कुठल्या प्रकाशकाने मागितलेली नव्हती. निळ्या रेघांच्या वह्यांत त्या पेन्सिलीने लिहीत आणि माझ्यापुढे ठेवत. माझं काम वाक्यं झाडण्याचं. त्यांचं वाक्य सरळ, आखूड, जरा कोरडं असे. मी त्यात कुठे एखादी उपमा घातली की दुसऱ्या रविवारी ती खोडलेली मिळे, आणि समासात टीप : "सुंदर. नको." एकच शब्द त्यांनी माझ्याकडून आनंदाने घेतला. मोजमापं सरासरीभोवती किती विखुरतात यासाठी त्या 'विचलन', 'विस्तार' असं काहीबाही लिहीत होत्या. मी म्हटलं, "घरात आपण त्याला पसारा म्हणतो." त्यांनी पेन्सिल थांबवली, खोलीभर पडलेल्या आपल्या वह्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सापडला शब्द. पुरावाही इथेच आहे."

पण या पसाऱ्याच्या मापावरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या फराळाला कुणीतरी विचारलं, "वाघचौरेबाई, यंदा थंडीत इथेच का लेकीकडे?"

"निम्मी शक्यता इथे, निम्मी पुण्याला," बाई म्हणाल्या. "सरासरी काढलीत तर मी मध्य प्रदेशात कुठल्यातरी हरभऱ्याच्या शेतात उभी असेन."

लोक हसले. बाईंनी चकली मोडली आणि धडा पुढे चालू ठेवला. "हसू नका. आता समजा, माझी लेक पुण्याहून सिंगापूरला गेली. तुमच्या नेहमीच्या मापाने माझा पसारा एकदम वाढला. पण तुमचं अज्ञान वाढलं का? तेव्हाही दोनच जागा होत्या, आताही दोनच. इथे किंवा तिथे. माप म्हणतं अनिश्चितता वाढली, आणि तुम्हाला मला शोधायला पूर्वीइतकेच दोन फोन करायचे आहेत. मग चूक कुणाची? माझी, लेकीची, की मापाची?"

"एसटीडीचं बिल बघून ठरवू," एक काका म्हणाले.

"तुम्ही अजून एसटीडीत आहात, तेव्हा तुमची जागा तरी निश्चित आहे," बाई म्हणाल्या.

त्या इतक्या हसऱ्या असत की त्यांना काही सलतंय हे कळायला मला दोन वर्षं लागली. पुस्तिकेचं तिसरं प्रकरण पुढे सरकत नव्हतं. पहिलं झालं, दुसरं झालं, चौथंसुद्धा झालं. तिसऱ्याच्या वहीवर नुसतं एक नाव होतं, 'रंजनाचा प्रश्न'. आत कोरी पानं. मी विचारलं, तेव्हा त्या उठून कूलरला पाणी घालायला गेल्या. बादली पुरी रिकामी केली. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच त्यांनी सांगितलं.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या वर्गात रंजना मोहिते नावाची मुलगी होती. कराडकडच्या एका हवालदाराची लेक, छावणीतून लष्कराच्या बसने येणारी. वर्गात गप्प बसे, आपलं हिंदी मराठीसारखं वाजतं याचा संकोच करणारी. बाई अनिश्चिततेचा नियम शिकवत होत्या. प्रकाशाची, धक्क्याची तीच गोष्ट, दरवर्षी सांगितलेली. आणि रंजना पहिल्यांदाच उठून उभी राहिली. तिने विचारलं, "मैम, अगर हमने उसको छुआ ही नहीं, तो?"

"आणि मी म्हणाले," बाई म्हणाल्या, "'तो क्या आप आँखें बंद करके देखेंगी?' सगळा वर्ग हसला. मीही हसले. माझं वाक्य मला आवडलं होतं."

पुढच्या चाचणीत रंजनाने तोच प्रश्न उत्तर म्हणून लिहिला. धक्का हे कारण असू शकत नाही, कारण सिद्धतेत धक्का कुठेच येत नाही, असं. बाईंनी लाल रेघ मारून शून्य दिलं. सत्र संपलं, त्यानंतर रंजना भौतिकशास्त्राच्या वर्गात दिसली नाही.

"तिचं बरोबर होतं का?" मी विचारलं.

बाई वळल्या. रिकामी बादली अजून हातातच होती. "ऐक. एकाच साच्यातून काढलेले हजार कण घे. पाचशेंची फक्त जागा मोज. उरलेल्या पाचशेंचा फक्त वेग मोज. या दुसऱ्या पाचशेंना जागा मोजण्यासाठी कुणी बोटही लावलेलं नाही. तरी दोन्ही पसारे एकदम लहान मिळत नाहीत. एक आवळलास की दुसरा फुगतो. धक्का लागो न लागो. नियम एवढाच आहे, आणि त्याची सिद्धता मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. सात ओळी. त्या सात ओळींत धक्का नाही गं. धक्का माझ्या गोष्टीत होता. हाताने सिद्धता लिहायची आणि तोंडाने गोष्ट सांगायची, आणि या दोन्हींच्या मधली फट मला तीस वर्षं दिसली नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला दिसली."

"पण धक्का लागतो तर खरा?"

"लागतो. पण तो वेगळा प्रश्न. तो वेगळा मोजावा लागतो. कसा मोजायचा यावर शहाणी माणसं अजून भांडतायत. काहींनी प्रयोग करून दाखवलं, धक्का त्या जुन्या गोष्टीतल्या मर्यादेपेक्षा कमीही असू शकतो. दुसरे म्हणाले, तुम्ही चूक मोजण्याचं मापच असं निवडलंत की तो कमी दिसावा. मी निवृत्त व्हायच्या वर्षी ते सगळं वाचलं आणि प्रयोगशाळेत स्टुलावर बसून राहिले. मला नियम आठवला नाही. ती उभी राहिलेली आठवली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे माणसांचंही तसंच आहे की, बाई. आपण कुणाला..."

"नाही." त्यांनी बादली खाली ठेवली. "माणसांना हा नियम लावू नकोस. माझ्या हातून जे झालं त्यात अनिश्चित काही नव्हतं."

मग मला कळलं की दर जानेवारीत बाई मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या मराठा स्मारकाला का येतात. मराठी माणसं तिथे वर्षातून एकदा जमतात. छावणीतली कुटुंबं, निवृत्त सुभेदार, सरकारी नोकरीतले आम्ही. बाकी सगळे स्मारकाला हार घालत. बाई नमस्कार करून सरळ चहाच्या किटलीकडे जात, कारण फौजी मंडळी तिथे सापडत. "कराडकडच्या मोहिते हवालदारांना ओळखता का? त्यांची मुलगी रंजना?" सात-आठ वर्षं त्या हेच विचारत होत्या. मोहिते भेटत, भरपूर भेटत. रंजना भेटत नव्हती.

आमच्या ओळखीच्या सहाव्या वर्षी बाई पडल्या. स्नानघरात, कंबरेवर. लेक पुण्याहून आली आणि तिने ठरवूनच टाकलं की मेअखेर दिल्लीचं घर बंद करायचं. जानेवारीत बाईंना बसमध्ये चढवायला दोघीजणी लागल्या. धुकं इतकं होतं की स्मारकाचा खांब आधी हाताला लागला, मग दिसला. किटलीपाशी एक पांढऱ्या मिशांचे सुभेदार बशीतून चहा पीत होते. मीच विचारलं.

"मोहित्यांची रंजना? आमच्या शेजारीच होती की क्वार्टरला!" ते म्हणाले. "आता गुडगावला असते. शाळेत काहीतरी हापिसात आहे. थांबा, आमच्या मंडळींकडे नंबर असेल. का हो, लग्नाबिग्नाचं काही काम?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गुणांचं काम आहे."

परतीच्या बसमध्ये नंबर लिहिलेला कागद त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवला. महिना गेला, दोन गेले. रविवारी मी विचारी, "केलात फोन?" आणि बाई, अज्ञानाला माप मागणाऱ्या बाई, म्हणत, "बघू." एकदा म्हणाल्या, "समजा तिने फोन ठेवून दिला तर ते मी समजू शकेन. समजा ती रडली तर?" मे उजाडला. सामान बांधायला माणसं यायची तारीख ठरली. मग एका सकाळी मीच फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्या एवढंच म्हणाल्या, "रंजना, मी वाघचौरेबाई. तुझ्याकडे यायचं आहे. चालेल?"

गुडगावच्या बाविसाव्या मजल्यावर रंजनाचं घर होतं. काचेपलीकडे उन्हाने पांढरे झालेले टॉवर, आत नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास. रंजना पन्नाशीकडे झुकलेली, कानांपाशी करडे केस. तिने आधी बाईंच्या पाया पडून घेतलं आणि मगच "या" म्हणाली. पोहे केले होते, त्यावर इकडच्यासारखी बुंदी-शेव नव्हती, खोबरं होतं. ती भरभरून बोलत होती. कॉलेजच्या फाटकापाशी मिळणारे शिंगाडे आठवत होते, प्रयोगशाळेतल्या ज्या मेजाचा खण उघडत नसे तो आठवत होता, बाईंची जांभळ्या काठांची साडीसुद्धा.

बाईंनी पोह्यांची बशी बाजूला सरकवली. त्यांनी सगळं सांगितलं. प्रश्न, स्वतःचं ते वाक्य, वर्गाचं हसणं, लाल रेघ. एक शब्दही मऊ केला नाही. मग म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. माझं चूक होतं. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं, वर्गासमोर. आता वर्ग नाही, ही एकटी साक्षीला आणली आहे."

रंजना मन लावून ऐकत होती. मग तिने मान हलवली. "अय्या बाई, मला तर काहीच आठवत नाही हो. बाबांची पोस्टिंग आली ना जबलपूरला, म्हणून सुटलं सगळं. तिकडे सायन्सला सीट नव्हती. तुम्ही उगीच इतकी वर्षं मनाला लावून घेतलंत."

बाईंचे हात मांडीवर होते. त्या हातांकडे अशा पाहत होत्या, जणू ते कुणी दुसऱ्याने तिथे ठेवले आहेत. मग त्या म्हणाल्या, "आठवत नसलं तरी उत्तर तुझंच आहे. ते घे." आणि पर्समधून वही काढून त्यांनी हजार कणांची मांडणी रंजनाला समजावायला सुरुवात केली. पाचशे इकडे, पाचशे तिकडे. रंजनाने चष्मा लावला. ती वहीवर वाकली. सातव्या ओळीपाशी तिने बोट ठेवलं.

"पण बाई, मग धक्का वेगळाच मोजायचा म्हणजे, आधी कसा होता हे तर माहीत हवं ना? आणि ते कळायला परत हात लावावा लागेल. मग तुलना कशाशी?"

बाईंनी मान वर केली. मी त्यांना सहा वर्षांत अनेकदा हसताना पाहिलं होतं, पण असं नाही. "भांडण तिथेच आहे!" त्या जवळजवळ ओरडल्या. "नेमकं तिथेच! सरकव ती बशी." पुढचा तासभर त्या दोघी एका पेन्सिलीसाठी एकमेकींचे हात बाजूला करत होत्या. चहा निवला. मी उठून खिडकीपाशी गेले. मागून आवाज येत होते, "नाही हो बाई, असं नाही," आणि "अगं थांब, मला लिहू दे."

तिसरं प्रकरण बाईंनी पुण्याला जाण्याआधी नऊ दिवसांत पुरं केलं. मी एकही शब्द बदलला नाही. पुण्याहून त्यांचे फोन येत. तिथे कूलर लागत नाही अशी तक्रार असे. एकदा म्हणाल्या, "तिला आठवत नाही हे बरंच झालं. नाही का?" मी "हो" म्हणाले. पुढच्या थंडीत त्या गेल्या.

जे मी त्यांना कधी सांगितलं नाही, ते त्याच दुपारचं आहे. रंजना आम्हाला खालपर्यंत सोडायला आली. ऊन असं होतं की डांबराचा वास घशात उतरत होता. ड्रायव्हरने धरून बाईंना मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं. काचेआड त्या वही उघडून पुन्हा वाचू लागल्या होत्या, ओठ हलत होते, पांढऱ्या केसांची एक बट गालावर आली होती आणि ती मागे सारायचंही त्यांना सुचत नव्हतं. इतक्या हलक्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. रंजनाही त्यांच्याकडेच पाहत होती.

मी हळूच विचारलं, "खरंच काही आठवत नाही तुम्हाला?"

तिने काचेवरची नजर काढली नाही. पदराने कपाळ टिपलं, आणि म्हणाली,

"आठवतं."